पंपावर नको, डीपीवर मीटर बसवा : विधिमंडळ सदस्यांना एका मोटार रिवाइंडरचं खुलं पत्र

महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषद यांच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मोटारी भरतो. शहरातल्या सदस्यांना हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती माझ्या दारात आणून टाकतो, मी आतलं जळकं वायंडिंग कापून काढतो आणि नवी तांब्याची तार भरून देतो. जालना जिल्ह्यात, मोसंबीच्या पट्ट्यात, रस्त्याकडेला माझं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. घरची तीन एकर जमीन आणि एक विहीरही आहे, त्यामुळे जळालेली मोटार घेऊन येणाऱ्यांच्या रांगेत अधूनमधून मीही असतो.

सध्या वीज क्षेत्राच्या आधुनिकीकरणाची भाषा जोरात आहे. सौर वाहिन्या आल्या, स्मार्ट मीटर आले, शेतीसाठी वेगळी वितरण कंपनी काढण्याची चर्चा आहे आणि केंद्रानं ऑक्टोबर २०२५ मध्ये वीज कायद्याच्या दुरुस्तीचा नवा मसुदा पुढे केला आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींवर तुम्हाला मत द्यायचं आहे, काहींसाठी पैसा मंजूर करायचा आहे. त्याआधी एवढंच सांगायचं होतं, की शेतीला नक्की किती वीज जाते हे आपल्या राज्यात धड मोजलं जात नाही. लाखो पंपांना मीटरच नाही. आणि बाकीचा सगळा डोलारा त्या न मोजलेल्या आकड्यावर उभा आहे.

आधी दुकानातलं सांगतो, मग आकड्यांकडे येतो.

मोटार उघडली की ती कशानं गेली ते कळतं. तिन्ही फेजच्या कॉइली सारख्याच काळ्या पडल्या असतील तर मोटार कमी व्होल्टेजवर रेटून चालवलेली असते, नाहीतर पंप गाळात जाम झालेला असतो. ठरावीक कॉइलींचा कोळसा आणि शेजारच्या अजून तांबूस, असं दिसलं तर एक फेज गेला होता आणि मोटार उरलेल्या दोन फेजवर गुरगुरत राहिली होती. माझ्याकडे हेच दोन प्रकार जास्त येतात. नियमानं थ्री फेजला ४१५ व्होल्ट यायला हवेत, सहा टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे ३९० च्या खाली जायला नको. ऐन रब्बीत माझ्या विहिरीवरच्या स्टार्टरचा काटा ३२० च्या वर दिसला तर मी घरी येऊन सांगतो, आज लाइट चांगली आहे.

दोष कुणाचा म्हणाल तर सुरुवात आमच्यापासूनच करतो. आमची डीपी, म्हणजे खांबावरचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), ६३ केव्हीएची आहे. पूर्ण लोडवर ती ८४ अँपिअर देते. पाच एचपीची मोटार चालताना सात-साडेसात अँपिअर घेते, म्हणजे हिशेबानं तिच्यावर अकरा मोटारी बसतात. पण चालू होताना तीच मोटार पाच-सहा पट ओढते. एकेक जण विहिरीवर जाऊन हातानं बटण दाबायचा तोवर निभत होतं. मग ऑटो स्विच आले. रात्री दोनला लाइट येणार, थंडीत बांधावरून कोण जाणार? साप-विंचवाचं भय होतंच, काही भागांत आता बिबट्याचंही आहे. ऑटो स्विच जोडला की लाइट येताच मोटार आपली आपण चालू होते. मी स्वतः असे शेकडो जोडून दिले, पैसे घेऊन. आमच्या डीपीवर तेव्हा सोळा मोटारी होत्या आणि लाइट आली की सोळाच्या सोळा एकदम उठायच्या. चौऱ्याऐंशी अँपिअरच्या डीपीला सहाशेचा धक्का. किटकॅटमधली, म्हणजे फ्यूज बसवायच्या खोबणीतली, फ्यूजतार वितळायची. मग कुणीतरी तिथं ॲल्युमिनियमची जाड तार पिळून टाकायचा. तार वितळायची थांबली, डीपीच जळायला लागली. एका हंगामात ती आम्ही तीनदा खाली उतरवलेली पाहिली. दर वेळी ट्रॅक्टर आमचा, डिझेल आमचं आणि वर्गणीही आमचीच. आठ-दहा दिवस मोसंबी कोरडी. ग्रामीण भागात जळालेलं रोहित्र ४८ तासांत बदलायचं, असा राज्य वीज नियामक आयोगाचा नियम असल्याचं मला त्यानंतर कधीतरी कळलं. मोटारीचा तारेवरचा ओढा कमी करणारे कपॅसिटर बसवले असते तर निम्मा ताप वाचला असता, मोटार भरायच्या खर्चाच्या मानानं त्याची किंमत किरकोळ. तेही आम्ही बसवले नव्हते.

आता यातली मेख बघा. त्या सोळा मोटारींपैकी कागदावर अकराच होत्या. उरलेल्या पाचांतले तीन कनेक्शनचे पैसे भरून वाट बघत बसलेले होते आणि दोघांनी सरळ तारेवर आकडा टाकून चोरून वीज घेतलेली होती. शिवाय ज्या अकरा कागदावर होत्या त्यांच्याही एचपीचा भरवसा नाही. विहिरीत पाचची मोटार आणि कागदावर तीन, हे मी रोज पाहतो. उलटंही पाहतो : विहिरीत तीनची आणि बिलावर पाच. मोटार माझ्या टेबलावर असते, बिल शेतकऱ्याच्या खिशात असतं, दोन्ही एकाच वेळी बघणारा माणूस बहुधा मीच. त्या डीपीमधून महिन्याला किती युनिट गेले असतील, याचा अंदाज मला विचारला तर मी सांगू शकणार नाही. मुंबईत बसून कुणी तो दशांशापर्यंत कसा सांगतो, हे मला कोडं आहे.

सांगतात मात्र. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेचा शासन निर्णय निघाला, त्यात दोन आकडे आहेत. राज्यात ४७ लाख ४१ हजार कृषिपंप ग्राहक आणि त्यांचा वर्षाचा वापर ३९,२४६ दशलक्ष युनिट. भागाकार करून बघा. एका पंपाला वर्षाला ८,२७८ युनिट येतात. सरासरी पाच एचपीची मोटार धरली आणि तिच्या आतली गळती धरून तासाला साडेचार युनिट पकडले, तर ती वर्षाला १,८४० तास चालायला हवी. रोजचे पूर्ण आठ तास धरले तरी २३० दिवस. पावसाळ्याचे चार महिने सोडले की वर्षात उरतातच २४३.

माझ्या विहिरीला फेब्रुवारीत तासभर चालवावं तेवढं पाणी असतं. मार्चमध्ये अर्धा तास. याच जिल्ह्यात २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी टँकरनं जगवल्या आणि नाही जगल्या तेव्हा कुऱ्हाड लावली. तिथं २३० दिवस आठ-आठ तास पंप कोण चालवतो? कोल्हापूर-सांगलीच्या उसाला लागत असतील एवढे तास, मोठ्या एचपीच्या उपसा योजनाही यात असतील, मान्य आहे. आमच्यासारख्या आकडेबहाद्दरांची वीजही यातच धरलेली असेल. म्हणून हा आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. खरा आहे असं म्हणायलाही कुणाकडे आधार नाही, एवढंच म्हणतो.

जुन्या सदस्यांना आठवत असेल, हे एकदा घडून गेलं आहे. वीज मंडळ वर्षानुवर्षं आपली गळती पंधरा-सतरा टक्क्यांच्या आसपास दाखवत असे. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला, दरवाढीच्या अर्जावर जाहीर सुनावणी झाली, लोकांनी प्रश्न विचारले, आणि २००० सालच्या त्या सुनावणीत गळतीचा आकडा तीस टक्क्यांच्या पुढे सरकला. रातोरात तारा खराब झाल्या नव्हत्या. इतकी वर्षं चोरी आणि गळतीतली बरीचशी वीज शेतीच्या नावावर टाकलेली होती. घरात दूध कमी पडलं की लेकरं प्याली म्हणायचं, मांजराचं नाव कुणी काढायचं नाही, तसा प्रकार. लेकरांच्या वाट्याला फुकटे म्हणून बोल आले. २००५ मध्ये मंडळाचं काम तीन कंपन्यांत वाटलं गेलं, गावठाण आणि शेतीचे फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या वाहिन्या, वेगळे करायचं मोठं काम झालं, त्यानं फरकही पडला. पण शेतीच्या फीडरवर सबस्टेशनातून निघालेली वीज पंपापर्यंत पोचली किती आणि वाटेत गेली किती, हे अजून अंदाजावरच आहे.

या अंदाजाचे पैसे कोण भरतं? मोफत वीज योजनेसाठी सरकारला वर्षाला १४,७६० कोटी रुपये द्यावे लागतील असं त्याच वेळी सांगितलं गेलं. साडेसात एचपीपर्यंतच्या ४४ लाख पंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत शून्य बिल. मीही त्याचा लाभार्थी आहे, आणि ज्या भावानं मोसंबी जाते त्या भावात मला ती सवलत जड वाटत नाही. उरलेला बोजा क्रॉस सबसिडीच्या नावानं, म्हणजे एकाची सवलत दुसऱ्याच्या दरात चढवून, कारखानदार आणि व्यापारी ग्राहकांच्या आसपास फिरत राहतो. घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क आहे, तेही तुमच्याच सभागृहानं केलेल्या २०१६ च्या कायद्यानं. माझ्या दुकानाचा दर तर व्यापारी. म्हणजे एका हातानं मी शून्य बिल घेतो आणि दुसऱ्या हातानं त्याचे थोडे पैसे भरतो, किती ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का, हा प्रश्न उद्धटपणानं विचारत नाही.

स्मार्ट मीटरवर मी फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. प्रीपेडला लोकांनी विरोध केला, जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही असं सरकारनं जाहीर केलं, नंतर त्याच धर्तीचे पोस्टपेड मीटर आले. गंमत एवढीच की ज्याचं घर दोन खोल्यांचं आणि महिन्याचे युनिट सत्तर, त्याच्या दारात दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवणारं यंत्र आधी बसतं. केंद्राच्या ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेनं प्रीपेड स्मार्ट मीटरमधून शेतीपंप वगळले होते. त्याच अधिसूचनेत फीडर आणि डीपी यांना मीटर लावायच्या मुदतीही घातल्या होत्या. मला घरातल्या मीटरपेक्षा त्या मीटरची उत्सुकता जास्त आहे. आमच्या डीपीचा खांब माझ्या बांधावर आहे. त्यावर काय बसलं, काय नाही, ते मला रोज दिसतं. किटकॅटचा पत्र्याचा डबा आहे, दार नाही, आत सरड्याचं घर आहे.

तुम्ही म्हणाल, शेतकरीच मीटर लावू देत नाहीत. खरं आहे. माझ्या वडिलांनी विहिरीवरच्या मीटरला खताचं पोतं बांधून ठेवलं होतं, वर सुतळीच्या तीन गाठी. वायरमन आला की चहा पाजायचे, पण गाठ सोडायचे नाहीत. मीटर फिरलं म्हणजे बिल आलं, आणि बिल आलं म्हणजे थकबाकी आली, एवढं गणित त्यांना पक्कं होतं. आज बिल शून्य असलं तरी ती धास्ती गेलेली नाही. आज मीटर लावला की उद्या बिल लावतील, असं चावडीवर कुणीही सांगेल, आणि खरं सांगायचं तर त्याला खोडून काढायला माझ्याकडे तुमचा शब्द सोडून काही नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे की पंपाचा नाद तूर्त सोडा आणि मीटर डीपीवर बसवा. एका डीपीवर पंधरा-वीस शेतकरी. त्यातल्या कुणाचंच बिल त्यावरून काढता येत नाही, त्यामुळे पोतं बांधायला कुणी येणार नाही. फीडरला सबस्टेशनात मीटर असतोच. फीडरचे युनिट एका बाजूला, त्यावरच्या सगळ्या डीपींची बेरीज दुसऱ्या बाजूला, फरक म्हणजे वाटेतली गळती. एवढा हिशेब आमच्या दुकानातला बारावी नापास पोऱ्यासुद्धा मांडेल. आणि तो दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागू द्या. माझ्या डीपीतून मंजूर लोडच्या दुप्पट वीज जाते हे सोळा जणांना एकदा आकड्यात दिसलं, की आकडे कोण टाकतं याची चौकशी करायला भरारी पथक लागणार नाही. बायका पाण्याच्या टाकीवर विचारतील.

हे करायची हीच वेळ का, तर सौर वाहिनी योजनेमुळे फीडरचं रूप बदलतंय. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये तीन मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला, त्यानंतर असे बरेच उभे राहिले आणि राहत आहेत. सबस्टेशनजवळची जमीन हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाच्या भाड्यानं घ्यायची, तिथं पॅनल मांडायचे, ती वीज दिवसा शेतीच्या फीडरला द्यायची. मला ही योजना मनापासून आवडते. दिवसा लाइट आली की ऑटो स्विचची गरज संपते, आणि माझा धंदा जरा बसला तरी चालेल. पण या प्रकल्पातून बाहेर पडणारा प्रत्येक युनिट मोजला जातो, कारण त्याचे पैसे कंत्राटदाराला द्यायचे असतात. ज्याचे पैसे द्यायचे ते मोजायचं आणि सबस्टेशनच्या पुढे गेलं की सोडून द्यायचं, असं पंचवीस-तीस वर्षांच्या करारात चालत राहिलं तर उन्हाची वीजसुद्धा जुन्याच खड्ड्यात जाईल. सूर्य मावळल्यावर लागणारी वीज कुठून आणायची, घाटघरसारखे पाणी वर चढवून साठवणारे प्रकल्प किती करायचे, हा विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. पण तो ठरवतानाही दिवसा शेतीला नेमकी किती लागते हे माहीत असावं लागेल ना?

वीज हा समवर्ती सूचीतला विषय, २००३ चा कायदा केंद्राचा, आम्ही काय करणार, असं उत्तर मला एका कार्यक्रमात मिळालं होतं. म्हणून मी तो कायदा तालुक्याच्या वकिलाकडून मागून आणला आणि पावसाळ्यात, धंदा मंदा असताना, वाचला. कलम ५५ म्हणतं, मुदतीनंतर योग्य मीटरशिवाय वीज देऊ नये. आयोगानं मुदत वाढवायची सोय त्यातच आहे, आणि त्या सोयीवर आपण वीस वर्षं काढली. कलम ६५ म्हणतं, सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर ते पैसे आगाऊ भरावेत. ते पैसे तुमच्या मंजुरीशिवाय हलत नाहीत. कलम १०८ खाली राज्य सरकार आयोगाला सार्वजनिक हिताचे धोरणात्मक निर्देश देऊ शकतं. आयोगाचा वार्षिक अहवाल तुमच्या पटलावर ठेवला जातो. वितरण कंपनी सरकारी असल्यामुळे तिचा कारभार तुमच्या सार्वजनिक उपक्रम समितीपुढे येऊ शकतो. इतकी हत्यारं हातात असताना केंद्राकडे बोट दाखवणं मला पटलं नाही.

पुढच्या अर्थसंकल्पात शेतीच्या वीज सवलतीची मागणी विधानसभेत मतदानाला येईल तेव्हा एक अट घाला : ज्या फीडरचा आणि त्यावरच्या डीपींचा हिशेब गावात जाहीर झाला आहे, त्याची सवलत मोजलेल्या युनिटवर द्यायची. बाकीच्यांना दोन वर्षांची मुदत द्या, शेतकऱ्याचं शून्य बिल तसंच ठेवा, दंड असेल तो न मोजणाऱ्याला. डीपीवरचा मीटर कुणाच्याही वैयक्तिक बिलासाठी वापरला जाणार नाही, हे कायद्यात लिहा. मंत्र्यांच्या भाषणातलं आश्वासन या कामाला पुरणार नाही, माझ्या वडिलांच्या तीन गाठी त्यानं सुटल्या नसत्या. आणि एचपीची खरी नोंद करायला एकदा माफीची मुदत द्या. कागदावर तीन आणि विहिरीत पाच असलेला माणूस आज खरं बोलला तर त्याच्यावर कलम १२६, म्हणजे अनधिकृत वापराची आकारणी, लागेल, अशी भीती आहे. सहा महिने ती भीती उठवा. लोक रांग लावतील, निदान आमच्या भागात तरी.

शेतीची वेगळी कंपनी काढायची असेल तर काढा, मला त्याचं वावडं नाही. मात्र तिच्या दारात वीज किती आली आणि तिनं कुणाला किती दिली, हे न मोजता ती काढली तर ज्या खात्यात आजवर गळती लपली, त्या खात्याला नवी पाटी लावल्यासारखं होईल. केंद्राच्या मसुद्यात क्रॉस सबसिडी कमी करण्याची आणि एकाच जाळ्यावरून अनेक वितरकांना वीज विकू देण्याची भाषा आहे. उद्या कारखाने आपली वाट धरून गेले, तर शेतीचा खर्च किती हा प्रश्न थेट तुमच्या तिजोरीसमोर येऊन उभा राहील. त्या दिवशी ३९,२४६ चा कागद दाखवून भागेल असं वाटत नाही.

समितीला बघायला यायचं असेल तर दुकानात जरूर यावं. डिसेंबर-जानेवारीत या, तेव्हा दारात दहा-बारा मोटारी पडलेल्या असतात. कोणती कशानं जळाली ते एकेक उघडून दाखवतो. दुपारी बारानंतर आलात तर बरं, आमच्या फीडरला तेव्हा लाइट असते.

आणि माफीची मुदत मी उगाच मागितलेली नाही. माझ्या विहिरीत पाच एचपीची मोटार आहे, मीच भरलेली. कागदावर तीन आहे. पहिला अर्ज माझा घ्यावा.

आपला,
एक मोटार रिवाइंडर आणि कृषिपंप ग्राहक,
जिल्हा जालना